काकाच्या नावाची मर्डिना

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या त्या गावात अर्धे लोक मॅक्लाउड आणि उरलेले मॉरिसन. आडनावाने हाक मारली तर निम्मं गाव वळून बघेल, म्हणून माणूस ओळखायचा नावावरून, आणि नाव द्यायचं ते घरातल्या मेलेल्याचं. मर्डिनाचा काका मर्डो मासेमारीच्या बोटीसकट बुडाला, त्याच वर्षी त्याच्या भावाला मुलगी झाली. आजी नातवाची वाट बघत होती. मुलगी बघून तिने मर्डोला शेपूट जोडलं, मर्डिना केलं. मर्डो म्हणजे समुद्रावरचा लढवय्या. मुख्य भूमीवर काही घराणी याच नावाचं मर्डोक हे आडनाव मोठ्या तोऱ्यात मिरवतात. या पोरीच्या वाट्याला मात्र दोन गायी आणि आजी आली.

तरुणपणी तिने नर्स व्हायला ग्लासगोला जायचं ठरवलं. पेटी भरली. आजी दारात आडवी बसली.

“या नावाचं माणूस बोटीत बसलं की परत येत नाही. दुसऱ्यांदा मारू नकोस गं मला.”

पेटी माळ्यावर गेली. आजी त्यानंतर चांगली ठणठणीत जगली, मर्डिनाचे केस पिकायला लागेपर्यंत.

मधेच भावजय वारली. तिचा तान्हा टॉरकिल मर्डिनानेच वाढवला, त्यात लग्नाचं वय सरलं. टॉरकिल लहानपणी गळ्यात पडून म्हणायचा, “आत्या, माझ्या पहिल्या मुलाला तुझंच नाव.” ती “गप रे, चोंबड्या” म्हणायची, पण ते शब्द तिने जपून ठेवले होते. तिच्यामागे राहणार दुसरं होतंच काय?

टॉरकिलला मुलगा झाला. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी नाव विचारलं.

“मर्डो,” टॉरकिल म्हणाला.

मर्डिनाने पहिल्यांदाच चारचौघांत डोळे पुसले.

घरी चहाला सगळे जमले. शेजारचा म्हातारा फिनले मांडीवर थाप मारून म्हणाला, “आला बुवा मर्डो परत! इतकी वर्षं बाईमाणसात अडकून पडला होता बिचारा.”

मर्डिनाने टॉरकिलकडे बघितलं. “माझं नाव ठेवलंस ना रे?”

“तुझंच गं, आत्या,” तो साखर ढवळत म्हणाला, “पण तुझं तरी कुठे? बुडालेल्या चुलत आजोबांचंच ना ते. तू सांभाळलंस एवढंच.”

“आणि तुझे लंगोट धुतले ते कोणी? त्या बुडालेल्याने?”

सगळे खो खो हसले. मर्डिनाची जीभ तिखट, हे गावाला ठाऊकच होतं. टॉरकिलच्या बायकोने हसत हसत बाळ पुढे केलं.

“घ्या आत्या, तुमच्या काकांना घ्या जरा.”

आणि मूल घ्यायला मर्डिनाचे हात, आयुष्यात पहिल्यांदा, पुढे झाले नाहीत.