मॅडमची मराठी

शहाद्याबाहेरच्या आमच्या शाळेच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधीचे तास मराठीतून, नंतरचे इंग्रजीतून. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. तिला वर्गात जागा नव्हती, पण शाळेच्या बसमध्ये तिचंच राज्य.

मी सातवीत असताना इंग्रजी शिकवायला केरळहून नव्या मॅडम आल्या. त्या आमच्याच बसने यायच्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण शिकायची भारी हौस. बसमधल्या मदतनीस मावशींशेजारी बसून त्या रोज काहीतरी विचारायच्या आणि मावशी त्यांना आपल्या घरची बोली शिकवायच्या. मॅडम तीच मराठी समजून पाठ करायच्या. आम्हाला ते कळत होतं. पण त्यांच्या तोंडून ‘कसा शेतस तुम्ही?’ इतकं गोड वाटायचं की कुणी काही बोललंच नाही.

मग पालकसभा आली. माझे वडील केळीची शेती करतात. सभेला ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि कुणी काही विचारलं तर ‘हो सर’ एवढंच म्हणायचे. शाळेतली मराठीही त्यांना परक्यासारखी वाटायची. आमची पाळी आली तशा मॅडम हात जोडून म्हणाल्या, “या भाऊ, बसा. तुमनी पोर हुशार शे, पन वर्गमा बोलत नई.”

वडील चमकले. एकदा माझ्याकडे, एकदा मॅडमकडे बघितलं आणि खुदकन हसले.

“मॅडम, घरमा तं ती चूप बसतच नई!”

शेजारच्या टेबलावरून मराठीचे सर म्हणाले, “अहो मॅडम, ही अहिराणी आहे!” मग इंग्रजीतून समजावून सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. इतके दिवस आपण भलतंच शिकलो, असं त्यांना वाटलं असणार. मला त्यांची फार दया आली.

वडीलच पुढे सरसावले. “आसंच बोला मॅडम. आम्हले समजस.”

मॅडम हळूच हसल्या.

पुढे त्या सरांकडून मराठीही शिकल्या, पण पालकांशी बोलायच्या अहिराणीच. पुढच्या सभेला वडील लवकर पोचले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. आमची पाळी आल्यावर, तुमच्या केरळात केळी कशी पिकते, पाणी किती लागतं, घड केवढा येतो, असं ते मॅडमना विचारत सुटले आणि मॅडम हातवारे करून सांगत राहिल्या. माझ्या मार्कांचा विषय निघेपर्यंत मागचे पालक उभं राहून कंटाळले होते.