तिसरं लाल कार्ड

हे मी कोणालेच सांगतलं नाही. बायकोलेही नाही — ती गेली, तोवर नाही. तुम्हाले कावून सांगून राहिलो? मले माहीत नाही. ऐका फक्त.

मी कारखान्यात कारकून होतो. चालण्याच्या शर्यतीत पंच व्हाले कोणी तयार होत नसे — कंबर हलवत झपझप चालणारे पाहून लोक खदखदा हसत — म्हणून नियमाचं पुस्तक वाचून मीच झालो. जुन्या काळी इंग्रज पैजा लावून कोसच्या कोस चालत म्हणे. कोणी मधीच पळाला तर पकडाले पंच आले. नियम अजून तोच. एक पाय जमिनीवर पाहिजेच; दोन्ही सुटले की 'पाय उचलला' म्हणतेत. अन् पाहाले काय? नुसता माणसाचा डोळा! तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की गडी बाहेर.

वसंता असाच एक चालणारा, दुर्गच्या पद्मनाभपुर मोहल्ल्यातला. रोज सकाळी नेहरू नगरपर्यंत चालत यायचा, मी बाजूनं सायकलवर. दोस्त म्हणाल तर मले तोच एक. त्या सालची मोठी शर्यत जिंकला असता तर खेळाडू म्हणून कारखान्यात नोकरी पक्की होती. वयाच्या हिशेबानं त्याचं ते शेवटचं साल होतं.

त्या शर्यतीत शेवटच्या चक्करले तो मी पंच म्हणून उभा होतो त्या वळणावर आला — सगळ्यायच्या पुढं. अन् मी काय करून राहिलो होतो? चष्मा पुसून राहिलो होतो. घाम हो, दुसरं काही नाही! चष्मा लावेपर्यंत तो निघून गेला. आधीच्या दोन पंचांनी त्याले कार्ड दिलं होतं. मुख्य पंच माझ्याजवळ आले, म्हणाले, "तुमचं काय?" दोघायले दिसलं अन् मलेच नाही? दोस्ताले वाचवला म्हणतीन — त्या भ्यानं मी तिसरं दिलं.

संध्याकाळी वसंता घरी आला. वाटलं, आता हा भांडन. त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी सोताच्या डोयानं पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"मंग उचललाच असन मी पाय. तुमी खोटं कायले सांगसान?"

दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या रे बाबा! त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला अन् स्वतःच्या पायावरचा सोडला. महिनाभर खाली मान घालून, पाय पाहत पाहत चालला. मग चालणंच बंद. रायपुरले कोणाच्या दुकानात लागला, इकडं परत आला नाही.

मी अजून सकाळी त्याच रस्त्यानं जातो. एकटाच. बाजूले बोलाले कोणी नाही.

त्यानं पाय उचलला होता का नव्हता, हेही मले सांगता येत नाही. मी पाह्यलंच नव्हतं.