एका फाइलीसाठी शहापूर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुरबाडला माझं डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी बाक. दुकान चालायचं लग्नपत्रिकांवर, आणि पत्रिकांची खरी घाई जवळच्या म्हसा गावच्या जत्रेआधी. जत्रेत तालुक्यातले सगळे सोयरे बैल बघायला, घोंगड्या घ्यायला येतात. मुलीच्या बापाने पिशवी घेऊन तिथे दोन फेऱ्या मारल्या की अर्धी आमंत्रणं उरकली. जत्रा हुकली, तर वाड्या-वाड्या पायी हिंडायचं.

वैशाखऱ्याहून आलेल्या गृहस्थांना ते हिंडणं जमणार नव्हतं. त्यांचा गुडघा धरला होता. ते मुलीच्या पत्रिकांसाठी बाकावर बसून होते, आणि जत्रा तीन दिवसांवर आलेली.

नेमके त्याच सकाळी माझे धाकटे दीर कल्याणहून कुंडलीच्या प्रोग्रामची सीडी घेऊन आले. "वहिनी, आता पत्रिका जुळवायची आणि छापायची, दोन्ही इथेच!" प्रोग्राम टाकला, तर तो सारखा अडकायला लागला. मी म्हटलं, काढून टाका. काढताना मशीनने विचारलं, ही सामाईक फाइल आता दुसऱ्या कुणाला लागत नसावी, पुसू का? दिरांनी 'हो' दाबलं.

लागत होती. आमच्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामला तीच लागत होती. तो उघडायला गेले, तर चौकट आली : फाइल सापडत नाही. कचऱ्याच्या टोपलीतही ती नव्हती. मूळ सीडी विकणाऱ्याने दिलीच नव्हती.

"पण मशीनने विचारलं होतं ना, वहिनी!"

"विचारलं होतं भाऊजी. तुम्हाला ठाऊक होतं का?"

शहापूरला माझ्या वर्गमैत्रिणीचा कॉम्प्युटर क्लास होता. तिच्याकडे हाच प्रोग्राम होता. मी फ्लॉप्या घेतल्या आणि निघाले. गृहस्थ उठले. "मी बी येतो. तुमी तिकडंच ऱ्हायल्या तर?"

किन्हवलीवरून एसटी चालली होती. त्यांनी विचारलं, "केवढी हाय गो बाय, ती फाइल?"

"या चकतीत मावेल."

"आणि तिला आणाया दोन माणसं!"

मैत्रीण हसली, म्हणाली, चहा तरी घे. तिच्या मशीनवर त्या नावाच्या दोन फाइली निघाल्या, एक जुनी, एक नवी. तिच्याकडेही कुणीतरी दुसरा प्रोग्राम टाकला होता. कुठली आपली हे कळेना, म्हणून दोन्ही घेतल्या, वेगवेगळ्या फ्लॉपीवर.

परत आल्यावर नवी टाकली. प्रोग्राम उघडता उघडता बंद पडला. ती काढून जुनी टाकली, आणि मराठी अक्षरं पडद्यावर आली. यावेळी मी ती सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवली नाही, थेट टायपिंगच्या प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवली. प्रोग्राम आधी स्वतःच्याच घरात शोधतो. पुढे कुणी काहीही पुसलं, तरी माझं काम अडणार नव्हतं. दिरांना मात्र कॉम्प्युटरपासून चार हात लांबच बसवलं.

पत्रिका जत्रेच्या आदल्या संध्याकाळी छापून झाल्या.

दुसऱ्या दिवशी मीही घोंगडी घ्यायला म्हशाला गेले. बैलांच्या दावणीपाशी तेच गृहस्थ एका दगडावर पाय लांब करून बसले होते. सोयरे त्यांच्याकडे येत होते, हे बसल्या जागी पत्रिका देत होते. समोर एक म्हातारबा पत्रिका डोळ्यांशी धरून तणतणत उभे.

"सगल्या भावकीची नावं हायेत. माजंच नाय?"

गृहस्थांनी लिहून दिलेल्या कागदावर ते नाव नव्हतंच, मला पक्कं आठवत होतं. त्यांनी मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "ह्या बायला इचार ना! मशीनीतली फाइल पुसली गेली, त्यात तुजं नाव गेलं. मी सोता शहापूरला गेलतो आणाया!"

म्हातारबा माझ्याकडे वळले. गृहस्थांचा गुडघा सुजलेलाच दिसत होता, आणि पिशवीत अजून पत्रिका होत्या.

"हो बाबा," मी म्हटलं, "पुसली गेली खरी."

पुसली गेली होतीच.