मंगळवारची रिक्षा

आमच्या सोसायटीचे चेअरमन रोज सकाळी काठी घेऊन फिरायला निघत. काठी आधारासाठी नव्हती. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा ठणठणीत होते. ती हक्क सांगण्यासाठी होती. रोडपालीच्या रस्त्यावर दिव्याचा खांब दिसला की त्यावर एक टोला आणि मोठ्याने, "माझा!" बाकावर टोला, "माझा!" दुभाजकातल्या सुकलेल्या कण्हेरीवर टोला, "ही पन माझ्याच पैशाची, आन् बगा कशी मारून ठेवलीय." एकदा वाहतूक पोलिसाच्या छत्रीवर टोला बसला, तेव्हा पोलीस म्हणाला, "काका, मीपण तुमचाच का?" चेअरमन म्हणाले, "तू तर सगल्यात म्हाग."

लोक हसत. मी हसत नसे. मला हा माणूस आवडत नव्हता. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरीही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, असं तुमच्या आईचं मत आहे. पण सोहम, परवा फोनवर तुझ्या पहिल्या पगारातून कर कापला गेल्याबद्दल तू जे बोललास, ते सगळं चेअरमनचं बोलणं होतं. तुला ते आठवतही नसतील. म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे. ईरा, तूही वाच.

चेअरमन मूळचे बेलपाड्याचे. भातशेती आणि खाडीकडे थोडं मिठागर असलेलं त्यांचं घर. नवं शहर वसवायला सरकारने जमीन घेतली तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. वडिलांनी मोबदल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि मोबदल्याचा प्लॉट हातात येण्याआधीच ते वारले. पुढे त्या प्लॉटवर चेअरमननी इमारती बांधल्या, त्यातलीच एक आपली. हे सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. सांगताना आवाज चढला नाही, म्हणून मी विश्वास ठेवला. सरकारवरचा त्यांचा राग खरा होता, आणि तो कुठून आला हे मला कळत होतं. राग कुणावर काढायचा हे मात्र त्यांना कधी कळलं नाही.

घरपट्टी ते शेवटच्या नोटिशीच्या शेवटच्या दिवशी भरत. मयताला जावं तसे पांढरे कपडे घालून जात आणि परत आल्यावर गेटवर उभं राहून पावती वाचून दाखवत. मी अनुदानित शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे माझी पेन्शन हा त्यांचा आवडता विषय. "मास्तरीणबाय, आज चाय पेलात?" "प्याले." "आमच्याच पैशाची." सगळ्यांसमोर. मी उत्तर देत असे, "साखर कमी होती. थोडा जास्त कर भरा." पण घरी आल्यावर दुपारपर्यंत ते मनात सलत राही.

ते कंजूष होते असं मात्र समजू नका. कातकरीवाडीतल्या विहिरीवर त्यांनी स्वखर्चाने पंप बसवला होता. दिवाळीला साड्या, शाळा सुरू होताना वह्या. ते म्हणत, "देनारा समोर पायजे. घेनाऱ्याला त्याचं तोंड दिसाया पायजे." मला नेमकं तेच खटके. कराला तोंड नसतं, म्हणून त्याच्यापुढे कुणाला वाकावं लागत नाही. चेअरमनच्या दारात आलेली बाई आधी चपला काढी, मग डोक्यावर पदर घेई, आणि मग बोलायला सुरुवात करी.

त्या वेळी माझ्याकडे सुगंधा कामाला येत असे. चिरनेरकडच्या वाडीतली कातकरी मुलगी. नवरा शेजारच्या टॉवरवर गवंड्याच्या हाताखाली, ती माझ्याकडे लादी-भांडी करायची. दोन महिने खोकली, तेव्हा मी तिला पनवेलच्या सरकारी रुग्णालयात नेलं. क्षय निघाला. औषध फुकट होतं, पण दर आठवड्याला तिथे जाऊन घ्यायचं, सहा महिने, एकही खंड न पाडता. जाणं, रांग, येणं, यात पूर्ण दिवस जाई. माझे पैसे मी कापत नव्हते, पण बाकीच्या दोन घरांत त्या दिवसाचा खाडा धरला जाई.

आपल्या रस्त्यावर तेव्हा केस उगवून देणारे तीन दवाखाने होते. छाती तपासणारा एकही नव्हता. मी हे चेअरमनना ऐकवलं, तर म्हणाले, "बाय, बाजार हाय. जे इकतं तेच दुकानात ठेवतात." मी म्हटलं, "खोकला विकला जात नाही, म्हणून तो पसरत नाही असं थोडंच आहे? ती तुमच्याच लिफ्टमधून वर येते." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली आणि विषय बदलला.

आणि त्याच सुमारास आमच्या कुंपणालगतच्या मोकळ्या प्लॉटवर सरकारी दवाखाना होणार, अशी बातमी आली. छोटाच, दोन तयार खोल्यांचा, महिन्याभरात उभा राहणारा. सुगंधाला औषध दोन मिनिटांवर मिळालं असतं.

चेअरमननी सभा बोलावली. विषय एकच: दवाखान्याला हरकत. "डॉक्टर येनार नाय," ते म्हणाले, "पंखे येतील. मंग पंखे पन जातील. रांग मात्र आपल्या गेटाव लागंल. आन् पैशे कोनाचे? माझे, तुमचे."

मी उठले. "चेअरमनसाहेब, तुमच्या फ्लॅटांना भाव आला तो समोरच्या रस्त्यामुळे. तो रस्ता कुणाच्या पैशाने झाला?"

"माझ्या शेताव झाला!" ते म्हणाले.

सभागृहात हशा पिकला. मी खाली बसले. त्याचं उत्तर मला अजूनही नीट सुचत नाही. मतदानात माझ्या बाजूने चार हात वर झाले, त्यातला एक पंखा वाढवायला सांगणाऱ्या काकांचा होता.

आता जे सांगते आहे ते तुमच्या आईलाही माहीत नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी होते. चेअरमन संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "मराठीत लिवलं का ते फायलीत जातं. इंग्रजीत लिवलं का सायबाच्या टेबलाव जातं. तुमी लिवा." मी नाही म्हणू शकले असते. पण ठराव बहुमताने झाला होता, आणि बहुमताचा ठराव सेक्रेटरीने जसाच्या तसा कळवायचा असतो, अशी माझी शिस्त. शिवाय, खरं सांगते, वाईट पत्र लिहिणं मला जमत नाही. रहदारी, अरुंद रस्ता, मुलांची सुरक्षितता, सगळे मुद्दे क्रमाने मांडले. एक शब्द जास्त नाही. आयुष्यात इतकं परिणामकारक इंग्रजी मी दुसरं लिहिलं नाही. महिन्याभरात दवाखाना दुसरीकडे, हायवेच्या पलीकडे गेला. आपल्या कुंपणालगत आता तासावर भाड्याने मिळणारं फुटबॉलचं टर्फ आहे.

दवाखाना गेल्याचं कळलं त्या दिवशी मी चेअरमनशी भांडले. सुगंधाचं नाव घेऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले, "मंग मना सांगाचं ना. सरकार कशाला मदी?" आणि पुढच्या मंगळवारी सकाळी गेटवर रिक्षा उभी. त्यांच्या ओळखीचा दत्ता सुगंधाला पनवेलला न्यायचा, रांगेत नंबर लावायचा, साडेअकराच्या आत परत आणायचा. भाडं चेअरमन दर मंगळवारी स्वतःच्या हाताने द्यायचे. रिक्षाला हात लावून सुगंधाला विचारायचे, "गोल्या घेतेस ना बाय?" ती खाली बघून मान हलवायची. मी वरून गॅलरीतून हे बघत असे. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. एक काळजी माझ्या डोक्यावरून उतरली होती.

त्यानंतर मी तुमच्याकडे आले, तीन महिन्यांसाठी. तुमचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगते.

मी तिकडे असताना चेअरमनच्या छातीत कळ आली. मुंबईत बायपास झालं आणि मग ते पेणला मुलीकडे दोन महिने राहिले. दत्ताला भाडं द्यायला कुणी नव्हतं. तो दुसरी गिऱ्हाईकं घेऊ लागला. त्याचं काय चुकलं? सुगंधा दोन मंगळवार गेटवर उभी राहिली, असं वॉचमनने मला नंतर सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "शेठच्या घरी जाऊन विचार ना." ती म्हणाली, "त्यांच्या घरात आजारपन हाय, आपून कसं मागाचं?" तोवर खोकला थांबला होता. बरं वाटत होतं. खाडा करून ती एकटी पनवेलला गेली नाही, आणि गोळ्या सुटल्या. टॉवरचं काम संपलं आणि ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली.

मी परतले तेव्हा ती गेलेली होती, मी दुसरी बाई ठेवली. सुगंधाचा पत्ता लागेपर्यंत उन्हाळा आला. दुखणं उलटलं होतं, आधीच्या गोळ्यांना दाद देत नव्हतं. शेवटी तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात ठेवलं, पण उशीर झाला होता. सव्वीस वर्षांची होती.

वाडीवर मी आणि चेअरमन एकाच गाडीतून गेलो. तिच्या सासूने बसायला गोणपाट टाकलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पाऊस आला नाही हे सांगावं तसं ती म्हणाली, "शेठची रिक्षा येवाची. मंग नाय आली." चेअरमननी खिशात हात घातला, आणि तो तसाच खिशात राहिला. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच त्यांना काय द्यावं ते सुचलं नाही.

तरी ते बदलले, असं मी लिहिणार नाही. घरपट्टीची शिवी तीच राहिली, पेन्शनचा टोमणाही तोच. पण पुढच्या सभेत त्यांनी स्वतः विषय काढला, की हरकत मागे घेऊ, दवाखाना परत मागू. आमच्या दोघांशिवाय एकही हात वर झाला नाही. कुणीतरी म्हणालं, "चेअरमन, तुम्हीच तर म्हणायचात, पंखे पण जातील." ते खाली बसले. मी त्यांच्या बाजूला बसले होते आणि मला त्यांची दया आली नाही.

शेवटच्या आजारपणात त्यांनी निरोप पाठवून मला बोलावलं. सून चहा ठेवून आत गेली. ते उशीला टेकून बसले होते, हात चादरीवर. दम गोळा करून त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाय, खरं सांगाचं. दवाखाना इथं असता, तर ती वाचली असती?"

मरणाऱ्या माणसाशी काय बोलावं, हे मला माहीत आहे. चार सांत्वनाचे शब्द मलाही येतात.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "पत्र मातर तुमी लय चांगलं लिवलं होतं."

"हो," मी म्हटलं. चहा निवला होता. मी तो पूर्ण प्याले आणि घरी आले.