पाहुणीला कण्या: सिंदी ते गिरड आणि परत

गिरडला जायचं ठरलं ते शुक्रवारी सकाळी, गॅसवरच्या पातेल्यात खळ तयार झाली तेव्हा. पतंगाचा कागद चिकटवायला करतात ना, तशी खळ. करायला घेतला होता किंचे.

किंचे हा इथियोपियातला सकाळचा नाश्ता. गहू जाडसर भरडायचा, मिठाच्या पाण्यात मोकळा शिजवायचा आणि वरून मसाल्याचं तूप सोडायचं. मला हे हिरुतनं सांगितलं. नागपूरला एम.ए. करताना ती वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "तुमच्याकडे खायला मिळतं का?" हेतू वाईट नव्हता. टीव्हीवर जे पाहिलं होतं, त्यावरून विचारलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि अक्कल एवढीच. हिरुत रागावली नाही. म्हणाली, "माझी आई रोज सकाळी किंचे करते. तू आलीस तर तीनदा वाढेल, आणि पुरे म्हटलंस तर तुझ्याशी बोलणार नाही."

त्यानंतर दोन वर्षं मेसमधल्या पोह्यांच्या बशीसमोर बसून ती किंचेबद्दल बोलत राहिली आणि मला दर वेळी माझा प्रश्न आठवत राहिला. तिचा परत जायचा दिवस ठरला तेव्हा मी तिला सांगून टाकलं, जायच्या आधी माझ्या घरी किंचे खाशील. तुझ्या आईच्या हातचा असतो तसाच.

घर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं सिंदी (रेल्वे). नागपूरहून यायचं तर पॅसेंजर पकडा. तिकीट दोन समोशांच्या भावात येतं आणि खिडकीही मिळते. घाईच्या गाड्या आमच्या स्टेशनाकडे ढुंकूनही बघत नाहीत. आम्ही गुरुवारी संध्याकाळी उतरलो. बाबा शेतातून पालक आणि सांबाराच्या जुड्या घेऊन आले होते. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, तेव्हा वर्ध्याच्या बाजारात कुणी सांबार घ्या म्हणालं तर इडली शोधू नका. हिरुतनं सांबाराची जुडी नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. बाबांना ती तिथेच आवडली.

अडचण आईची होती. मी तिला सांगितलं की गव्हाच्या कण्या करायच्या आहेत. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"माह्या घरात कण्या शिजत नाई," ती म्हणाली. "पुरनपोळी कर, वडे कर, काय करायचं ते कर. पाहुणीले कण्या?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ज्वारी किंवा गहू भरडून पाण्यात शिजवला की झाल्या कण्या. घरात दुसरं काही नसतं तेव्हाचं ते खाणं. ते मागच्या अंगणात बसून खातात आणि कुणी आलं तर भांड्यावर झाकण टाकतात. मग मी खोटेपणा केला. "कण्या नाही, दलिया करते," म्हटलं. दलिया डॉक्टर सांगतात, तो शहरातही मिळतो. आईला तो चालला.

चक्कीवाल्या भाऊंना मी जाडसर भरडून मागितलं. ते म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी चक्कीचा पाट उचलला त मांगून येनाऱ्याचं पीठ बिघडते." तरी माझ्या आग्रहापोटी त्यांनी जमेल तेवढं केलं. पिशवीत आलं ते निम्मं पीठ आणि निम्मा रवा. मी शहाणीनं ते चाळलंही नाही, तसंच आधणात टाकलं. शुक्रवार हा हिरुतच्या धर्मात उपासाचा वार. त्या दिवशी दूध-तूप चालत नाही, म्हणून मी वर तेल सोडलं. झाली खळ. हिरुतनं ती निमूट संपवली.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या लीलाकाकू विरजण मागायला आल्या. त्यांनी ताटात डोकावून पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "दुष्काळातलं खानं असंच असते वाटते वो." हिरुतला मराठी फारशी येत नव्हती, पण दुष्काळ हा शब्द वसतिगृहानं तिला पहिल्याच वर्षी शिकवला होता. ती उठली आणि स्वतःचं ताट घासायला मोरीवर गेली.

रविवारी दुपारच्या गाडीनं ती जाणार होती. माझ्या घरी खाल्लेला किंचे म्हणजे ही खळ, असं सांगत ती तिच्या देशात गेली असती, तर माझ्या पदवीला काय अर्थ होता? मी पिशवी भरली. गिरडला, आईच्या माहेरी, मामीकडे अजून दगडाचं जातं आहे, हे मला ठाऊक होतं.

रस्ता असा: सिंदीहून काळीपिवळीनं जामच्या चौकापर्यंत. काळीपिवळी म्हणजे माणसं भरेपर्यंत न हलणारी जीप. आमची हलली तेव्हा आत चौदा जण आणि एक बकरी होती. जामला हायवेवर उतरून चहा घ्या, पुढे मिळेल याचा भरवसा नाही. तिथून एसटीनं समुद्रपूर आणि मग गिरड. दोन्हीकडे कापूस वेचणीला आलेला. मधल्या वाटेत शेजारच्या बाईनं हिरुतच्या वेण्या हातात घेऊन पाहिल्या आणि मला विचारलं, हे घालायले किती येळ लागते? चार तास, असं हिरुतनं बोटांनी सांगितलं. "मंग सैपाक कोन करते?" बाई म्हणाली. अख्खी एसटी हसली, हिरुत सगळ्यात जास्त.

मामी गिरडचीच, माहेर आणि सासर एकाच गावात. शाळेत ती आईच्या वर्गात होती. आम्ही कशासाठी आलो हे ऐकून तिनं फक्त एवढंच विचारलं की गहू कोणता आणला. मी दुकानातला दाखवला. तिनं तो बाजूला सारला आणि कोठीतून बन्सी काढला: लांबट, पिवळसर दाणा, दाताखाली काचेसारखा कडक. हिरुतनं एक दाणा चावला आणि मान डोलावली. त्यांच्याकडचाही असाच कडक असतो म्हणे.

शनिवारी सकाळी जातं मांडलं. त्यात एक युक्ती आहे. पीठ दळायचं तर जात्याच्या पाळ्या, म्हणजे दोन्ही दगड, एकमेकींवर टेकलेल्या लागतात. भरडायचं तर वरची जराशी उचलावी लागते. मामीनं मधल्या खिळीवर सुती चिंधीचे दोन वेढे दिले आणि वरची पाळी बसवली. मग दाण्यांचा घास मोठा टाकायचा आणि हात भरभर फिरवायचा, म्हणजे दाणा फुटून बाहेर पडतो, त्याचं पीठ होत नाही. हिरुतनं खुंटा धरला आणि गहू टाकायच्या आधीच जातं फिरवायला लागली. मामीनं तिचा हात धरला. रिकामं जातं फिरवत नाहीत, घरातलं अन्न उडतं. मी भाषांतर केलं. हिरुत म्हणाली, माझी आजीही हेच सांगायची, फक्त ती हातावर चापट मारायची.

समोरासमोर बसून दोघी भरडत होत्या, मी चाळत होते. मामी मधेच थांबली.

"तुही आई कण्याचं नाव काहाडलं का काऊन चिडते, मालूम हाय?"

मला माहीत नव्हतं.

"चवथीत होतो आम्ही. दुपारच्या सुट्टीत तिनं डबा उघडला, त आत कण्या. पोट्टे कण्याबाई म्हनू लागले तिले. गुरुजीबी हासले. दुसऱ्या दिवशी हजेरीत कोनीतरी तेच नाव घेतलं, अन् तिनं दप्तर उचललं. पुन्हा शाळेत आली नाई." मामीनं आणखी एक घास टाकला. "मीबी हासली होती. मग त्याच घरात सून म्हनून आली. तिनं मले कधी बोलून नाई दाखवलं."

चौथीत शाळा सोडलेल्या त्याच बाईनं मला एम.ए.पर्यंत नेलं, फीच्या वेळी बाबा अडले तेव्हा एकटी भांडली. आणि मी तिच्या तोंडावर दलिया म्हणून खोटं बोलले. मी हिरुतला सगळं सांगितलं. ती जातं ओढत राहिली, आणि तिचा वेग वाढला.

निघायच्या आधी टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला गेलो. पायऱ्या दमवतात, सकाळीच चढा. पायथ्याशी गोल खडे विकतात. फरीदबाबांनी सुपाऱ्या-नारळांचे दगड केले, अशी गोष्ट आहे. वरून सगळा मुलूख दिसतो. विदर्भाबद्दल बाहेर काय छापून येतं ते आम्हालाही कळतं. हिरुत म्हणाली, इथून तर माझ्या गावासारखंच दिसतं. तिथेही, इथेही कॅमेरा घेऊन येणारा कधी या उंचीवर चढत नाही.

दुपारी घरी पोहोचलो. पिशवी ओट्यावर ठेवून मी आईला सांगितलं की उद्या कण्या करणार आहे, दलिया नाही, कण्याच. आणि मागे नाही, पुढच्या ओसरीवर बसून खाणार. मामीनं सगळं सांगितल्याचंही सांगितलं.

"तुले शिकवलं ते कोनी असं नाव ठेवू नये म्हनून," आई म्हणाली. "अन् तू ओसरीवर बसतं म्हंतं."

"हो," मी म्हटलं. "शिकवलंस म्हणूनच."

ती आत निघून गेली. आम्ही तूप करायला घेतलं. लोण्यात कांदा, लसूण, आलं, मेथीदाणे, हळद आणि ठेचलेली मोठी वेलची. मंद आचेवर तासभर, मग गाळून घ्यायचं. हिरुत म्हणाली, सगळं जमलं, एक पाला तेवढा राहिला. तिच्या भाषेतलं नाव मला कळेना. मग तिनं अंगणातल्या तुळशीकडे बोट दाखवलं, वास जवळजवळ तोच होता. तुळस तुपात उकळायची, हे आईला विचारायची माझी हिंमत नव्हती.

दिवस कलायला लागला तशी आई बाहेर आली. आमचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. तुळशीला हात जोडले, मंजिऱ्यांसकट दोन डहाळ्या खुडल्या आणि हिरुतच्या हातात दिल्या. "कल इतवार है," ती हिंदीत म्हणाली. "इतवार को तोडते नही."

रविवारी सकाळी आधण ठेवलं. एक वाटी भरड, दोन वाट्या पाणी, मीठ. पाणी कोमट असतानाच मी भरड टाकायला गेले, तर आईनं मागून वाटी काढून घेतली.

"खळखळू दे आधी. चिकट होते नाईतर. सरक."

ती कण्या शिजवायचं विसरलेली नव्हती. पाणी उसळल्यावर तिनं धार धरून भरड सोडली, दोनदाच ढवळली, झाकण ठेवलं, आच उतरवली. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर दाणा दाण्याला चिकटलेला नव्हता. हिरुतनं तूप ओतलं. तुळस, वेलची, मेथी असा एक वास घरभर गेला. हिरुतनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

चार ताटं घेऊन आम्ही ओसरीवर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. बाबांनी न विचारता दुसऱ्यांदा घेतलं. वासानं लीलाकाकू भिंतीशी आल्याच. काय केलं वो आज, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, त्याआधी आई बोलली.

"कण्या."

"पाहुणीले?"

"पाहुणीले. अन् मले. शाळेत कण्याबाई म्हनत मले." आईनं एक ताट भरलं आणि भिंतीवर ठेवलं. "खाऊन पाहा, मंग नाव ठेवजो."

काकूंनी ताट घेतलं. अर्ध्या तासानं रिकामं परत आलं.

स्टेशनवर आईनं हिरुतला उरलेली भरड स्टीलच्या डब्यात घालून दिली. "डब्बा वापस लाना," असं तिनं तीनदा बजावलं. आमच्याकडे डबा परत मागणं म्हणजे परत येजो म्हणणं.

डबा अजून आलेला नाही. हिरुत तिच्या गावी कॉलेजात शिकवते, आणि डबा तिच्या ओट्यावर असतो असं तिनं कळवलंय. इथल्या सायबर कॅफेत बसून मी हे लिहितेय. कालच आई म्हणाली की पोस्टानं पाठवू नको म्हनावं, हातानं आण.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर आमच्या ओसरीवर बसा. कण्या मिळतील. पोहे हवे असतील तर ते स्टेशनबाहेर मिळतात.