वॉच घेतल्याबिगर

देवणीचा चंद्रप्पा सकाळच्या एसटीनं निलंग्याला उतरला तो डोकं फिरवूनच. आदल्या दिवशी आनंदराजच्या बायकोचा, पंचशीलाचा फोन आला होता.

"भाऊजी, तुमच्या दोस्ताला रोज ताप येऊन राहिलाय. दवाखान्यात जायच्या आधी गोळी गिळतेत आन् डॉक्टरणीला सांगतेत, एकदम फिट! मी बोलले तर माझ्यावरच डोळे वटारतेत."

चंद्रप्पाला पुढचं सांगायची गरजच नव्हती. तो आणि आनंदराज, दोघांची उमर मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून गेली. पहिल्या बोटीवर कुणीतरी पाय घसरून पडलं आणि ओरडलं, "आयला, लई घसरून राहिलंय की इथं!" तो आवाज ऐकून चंद्रप्पा रंगाचा डबा टाकून धावला होता. एवढ्या पाण्यात आपल्याकडचा माणूस! तेव्हापासूनची ही दोस्ती.

बोटीवर चढायच्या आधी दर खेपेला मेडिकल. कुठं दुखतंय म्हणलं की बोट गेली. म्हणून जिन्यातच बीपीची गोळी गिळायची, खोकला दाबून धरायचा आणि छाती फुगवून सांगायचं, "एकदम फिट, साहेब." चंद्रप्पानंही तेच केलं, सगळेच करायचे. पण आता आनंदराजला गाठींचा कॅन्सर होता आणि लातूरला केमो चालू होती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अंगात ताप असताना हे औषध दिलं तर माणूस हातचा जाईल, काही लपवू नका.

आनंदराज टक्कल झाकायला कानटोपी घालून बाजेवर बसला होता.

"ताप हाय का?"

"न्हाई."

चंद्रप्पानं त्याच्या मानेला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"उन्हाची धग हाय ती."

"घरात बसून ऊन लागतंय व्हय रे तुला? आन् लपवतोस कुणापासनं? नापास केलं तर कोणची बोट चुकणार हाय तुझी?"

"आप्पा, ताप सांगितला की केमो पुढं ढकलतेत. पुन्हा रक्त, पुन्हा सुया. जीव बेजार झालाय. एकदाचं उरकू दे."

"आन् तूच उरकलास मंजी?"

पंचशीलानं चहाची कपबशी दाणकन खाली ठेवली. "ऐका, ऐका जरा. माझं तर कुणी ऐकत न्हाई. आज केमोची पाळी हाय. अंगणवाडी आटोपून मी संध्याकाळी लातूरला येते. भाऊजी, तवर ह्यांना तुम्हीच बगा."

एसटी औशाच्या पुढं आली तेव्हा चंद्रप्पाचा जरा डोळा लागला. जाग आली तर आनंदराज पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेला, मुठीत गोळ्यांची पट्टी. चंद्रप्पानं पट्टी हिसकावली आणि खिडकीबाहेर भिरकावली. पण गोळी पोटात गेलीच होती. चिडला की चंद्रप्पाच्या तोंडून घरचं कानडी निघायचं. पुढच्या शिटावरच्या बाईनं कानावर पदर घेतला.

"मीच सांगतो डॉक्टरणीला."

"सांग की. मी म्हणतो, हा येडा हाय. ताप कुठाय, लावा थर्मामीटर."

आणि झालंही तसंच. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताप मोजला, नव्हता. "रात्री काही त्रास?"

"एकदम फिट, मॅडम."

बाई केमो लिहायला लागल्या. चंद्रप्पाला वाटलं, ह्याला खांद्यावर टाकावं आणि कुठंतरी आपटावं. ह्या माणसानं जगात कुणालाही, कुठंही फसवलं असतं. फक्त एक जागा सोडून.

बोटीवर बारा ते चारचा पहारा आनंदराजचा, चारपासून चंद्रप्पाचा. पहाटे वॉच देताना, म्हणजे पहारा सोपवताना, आनंदराज उभ्याउभ्या पेंगायचा, पण काही गाळायचा नाही. मच्छीमारांचा दिवा कुठं, कोणता पंप खडखडतोय, अगदी 'उजवीकडं काहीतरी दिसल्यासारखं झालं, नक्की न्हाई' हेही. खाली झोपलेल्यांचा जीव त्याच्या हाती होता. चंद्रप्पा 'घेतला' म्हणेपर्यंत तो जागचा हलायचा नाही.

"आनंदराज," चंद्रप्पा म्हणाला. एरवी तो 'आनंद्या'च म्हणे. "बारा ते चार. वॉच दे."

बाईंनी वर पाहिलं. आनंदराजनं रागानं चंद्रप्पाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. त्याची पाठ आपसूक ताठ झाली.

"बाराला थंडी वाजली. दोन गोधड्या घेतल्या. मग ताप, एकशे दोनच्या वर. तोंडात फोड हायत. डाव्या हाताची बोटं बधिर. खोकलं की छातीत टोचतंय, कशानं ते नक्की न्हाई. गोळी... एसटीत घेतली."

"घेतला," चंद्रप्पा म्हणाला.

बाईंनी लिहिलेल्यावर काट मारली आणि नर्सला हाक मारली. केमो राहिली, सलाईन लागली.

"दगाबाज," खाटेवरून आनंदराज म्हणाला.

"हाव, दगाबाज. पेज गिळ."

दुपारभर आनंदराज भिंतीकडं तोंड करून त्याला शिव्या देत राहिला. चंद्रप्पा तरी उठून गेला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला, स्टुलावर बसून कंबर मोडलेली, चहात साखर जास्त म्हणून कॅन्टीनवाल्याशीही भांडून आलेला.

दिवेलागणीला पंचशीला पिशवी घेऊन आली. चंद्रप्पा उठला, ताठ उभा राहिला.

"वैनी, ताप उतरतोय, शंभर हाय. पेज अर्धी वाटी. सलाईन संपत आलीय, नर्सला सांगून ठेवलंय. शिव्या भरपूर दिल्या, आवाज चांगला हाय."

पंचशीलानं पिशवी खाली ठेवली. "मंग मी काय म्हणू?"

आनंदराजनं भिंतीकडं केलेलं तोंड वळवलं.

"'घेतला' म्हण, बाई. न्हाई तर हा काही जागचा हलत न्हाई."