नानांच्या कवळीतली शिट्टी

“नाना, ‘साक्री’ म्हणा.”

“स्सीऽऽक्री.”

“बरं, ‘शिरपूर’?”

नानांनी तोंड उघडलं आणि लॅबमध्ये पुन्हा शिट्टी वाजली. शेजारच्या टेबलावरचे दोघे खाली वाकून काहीतरी शोधायला लागले. खाली काहीही पडलेलं नव्हतं. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण त्या कवळीला शेवटचा हात मी लावला होता.

आमची लॅब धुळ्यात. डेंटल लॅब म्हणजे दवाखाना नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्याकडे येतं, आम्ही दात बनवून परत पाठवतो. पेशंटचं तोंड आम्हाला दिसत नाही, फक्त त्याचा पांढरा साचा दिसतो. त्यामुळे कवळी हातात धरून खुद्द पेशंटच लॅबचा जिना चढून आला, म्हणजे समजायचं की आज आपली काही खैर नाही.

नाना साक्रीच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. आत काचेच्या खोलीत बसायचं आणि कुठली गाडी कुठे लागली ते माइकवर पुकारायचं. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले होते. कवळी बसली आणि त्यांचे ‘स’ आणि ‘श’ गेले. आता तुम्हीच बघा, साक्री, शिरपूर, शहादा, शिंदखेडा, सोनगीर, सुरत. आमच्या भागात देवानं सगळी गावं एकाच अक्षरावर उरकली आहेत की काय, असं मला त्या दिवशी वाटलं.

“बठ्ठा स्टँड हसस भाऊ,” नाना म्हणाले. “ड्रायव्हर विचारतस, नाना, शिट्टी वाजनी, गाडी काढू का? मी माइक सोडी दिधा.”

“चावायला त्रास आहे का?”

“चावाले काहीच तरास नई. दात झकास शेतस. पन मी का आता दात चावत बसू? इतली वरीस बोलनू त्या माइकवर. घर बसी मंग काय याद करू, शिट्टी?”

हे ते जोरात बोलले, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले. मला फार वाईट वाटलं. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी त्यांना तेव्हा सांगितली नाही. मी साक्रीचाच. अठराव्या वर्षी जळगावला सोन्याचं काम शिकायला निघालो, तेव्हा माझी गाडी नानांनीच पुकारली होती. “धुळे, पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव.” आई पदराआड रडत होती, वडील पिशवी धरून उभे होते, आणि वरून तो खणखणीत आवाज. गाव सुटलं त्या दिवशीचं दुसरं काही मला इतकं स्पष्ट आठवत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात मी कारागीर झालो. काय दिवस होते! सकाळी फुंकणी तोंडात धरली की दुपारच्या जेवणापर्यंत मान वर नाही. एकदाणी, पोत, वाट्या, सगळं हातानं. माझ्या पॉलिशवर शेठ जीव टाकायचे. “ह्याच्या मण्यात तोंड बघून भांग पाडा,” असं गिऱ्हाइकाला सांगायचे. दुपारी सगळे कारागीर डबे उघडून गोल बसायचो, कुणाच्या तरी डब्यात असोद्याच्या वांग्यांचं भरीत असायचंच. मग मशिनचा हलका, तयार माल आला. हातकाम कमी होत गेलं. डबे उघडणारे एकेक करून गेले, शेवटी शेवटी मी एकटाच जेवत होतो.

चाळिशी ओलांडल्यावर बायकोच्या माहेरच्या ओळखीनं ह्या लॅबमध्ये लागलो. मालक रफिकभाई. त्यांचं म्हणणं, दात करणं आणि दागिना करणं सख्खे भाऊ. मेण तेच, साचा तोच, घासकाम तेच. ऐकायला गोड होतं. प्रत्यक्षात जळगावला ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, तो इथे निम्म्या वयाच्या पोरांना विचारत होता, की अरे, सुळा कुठला आणि दाढ कुठली? लाज वाटायची. माझी फुंकणी मी विकलेली नव्हती. नाहीच जमलं तर परत जाऊ, असं मनात धरून होतो. त्या आठवड्यात तर बायकोला बोलूनही दाखवलं होतं.

अशात नाना आले.

रफिकभाईंनी कवळी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. “बसते घट्ट. चावता येतं. दात जागेवर आहेत. मग वाजते कशाला?”

“नवीन करू या?” मी विचारलं.

“नवीन पण वाजली तर? आधी चूक तर सापडू दे, यार.”

तेवढ्यात गल्लीपलीकडच्या दवाखान्यातून डॉक्टर मॅडम आल्या. नानांचं माप त्यांनीच घेतलेलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, “ट्रायलला नाना नीट बोलले होते ना?”

ट्रायल म्हणजे दात आधी मेणात बसवतात आणि पेशंटच्या तोंडात घालून बघतात. पसंत पडलं की मेण काढून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरतात. मग घासून, बफ मारून पॉलिश.

“एकदम नीट,” नाना म्हणाले. “तुमना दवाखानामाच मी अख्खं टाइमटेबल म्हनी दाखाडं व्हतं.” ह्या वाक्यात ‘स’-‘श’ नव्हते, म्हणून ते साफ आलं.

“म्हणजे मेणात ठीक होतं आणि ॲक्रिलिकमध्ये बिघडलं,” मॅडम म्हणाल्या. “मधे काय बदललं?”

दात तेच, चावा तोच. मधे बदललं ते एकच, घासकाम. आणि घासकाम माझं. माझे कान गरम झाले.

“नाना, बोलताना नक्की काय होतं?” मी विचारलं.

“जीभ घसरी ऱ्हायनी रे भाऊ. वर टेकाले जास, आनि सटकस.”

मी तोंड मिटून माझी जीभ वर लावली. पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर. तुम्हीही लावून बघा. तिथे आडव्या बारीक वळ्या लागतात. रफिकभाईंनी मेणात तशाच वळ्या काढल्या होत्या. आणि मी? मला त्या खडबडीत वाटल्या! काम कच्चं राहिलंय असं समजून मी त्या कानशीनं उतरवल्या, वर बफ मारला, आणि ती टाळू अशी चमकवली, की जळगावच्या शेठनी पाठ थोपटली असती. सोनाराचा हात, दुसरं काय!

मी सांगून टाकलं. रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. “सोनार, अरे ही काय अंगठी आहे का? ही बाजू बघणार कोण?”

“कोणी नाही,” मॅडम म्हणाल्या. “जीभ बघणार. थांबा, खात्री करू या. पावडर आहे?”

कवळीच्या टाळूवर त्यांनी पांढरी पावडर भुरभुरवली, कवळी नानांच्या तोंडात बसवली आणि ‘स’ म्हणायला लावलं. कवळी बाहेर काढली. जीभ जिथे टेकली तिथली पावडर पुसली गेली होती, आणि मधे एक रुंद पट्टा तसाच पांढरा राहिला होता. वारा तिथून निसटत होता. इतका वेळ जे नुसतं ऐकू येत होतं, ते आता डोळ्यांना दिसलं. मी तर खुळ्यासारखा बघतच राहिलो. इतकी वर्षं मी वस्तू केल्या, पण वस्तू अंगावर गेल्यावर काय करते, ते कधी पाहिलंच नव्हतं. माझी एकदाणी कुणाच्या गळ्यात गेली, हेसुद्धा मला कधी कळलं नाही.

मी मेण तापवलं. त्या पांढऱ्या पट्ट्यावर थेंब थेंब ठेवत गेलो, वळ्या काढल्या. हात सोनाराचाच होता, त्याचा आता उपयोग झाला.

“म्हणा नाना.”

“साक्री.” अजून थोडा वारा होता. मेण आणखी चढवलं.

“साक्री. शिरपूर. शहादा.” नाना थांबले. मग खुर्चीत ताठ बसले, डावा हात माइक धरल्यासारखा वर गेला आणि लॅबच्या काचा हलतील असा आवाज निघाला, “सुरत गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे! प्रवाशांनी सामान सांभाळावे!”

रफिकभाई हसता हसता टेबलावर आडवे झाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र रडलो. चारचौघांत, अगदी उघड. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी त्यांना ती जळगावची गाडी सांगितली.

मेणाच्या जागी ॲक्रिलिक चढवून दुसऱ्या दिवशी कवळी दिली. टाळूला बफ लावला नाही. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, “मग, जळगाव काय म्हणतंय?” मी म्हटलं, “भाकर वाढ.”

नंतर एका लग्नाला साक्रीला गेलो होतो. परत निघताना स्टँडवर आलो, तर वरून आवाज. “धुळे, पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव.” एकेक अक्षर नाण्यासारखं वाजत होतं. काचेआडून नानांनी मला पाहिलं. मी हात केला आणि गाडीत चढलो. भोंगा खरखरला.

“आनखी एक सूचना. ह्या गाडीमा मन्हा दात करनारा भाऊ बसेल शेत. त्यासले खिडकीजोडे जागा द्या.”

अख्खी गाडी माझ्याकडे वळून बघायला लागली. खिडकीची जागा काही मिळाली नाही. तिथे टोपली मांडीवर घेऊन एक म्हाताऱ्या अक्का बसल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बोळकं तोंड उघडून हसल्या. “मन्हा बी करी देशी का रे भाऊ?”

त्यांचंही काम मीच केलं.

नाना रिटायर झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लॅबमध्ये स्कॅनर आलाय, दात कॉम्प्युटरवर काढतात. सोन्यात मशिन आलं तेव्हा मी कुढत बसलो होतो. दातात आलं, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि क्लासला नाव घातलं. तिथे मास्तरीण माझ्या मुलीच्या वयाची. परवा स्क्रीनवर कवळी काढून दाखवताना तिनं विचारलं, “काका, फिनिशिंग सगळीकडे स्मूथ ठेवू ना?”

“दात ठेवा,” मी म्हटलं. “टाळूला हात लावू नका.”